सर्व्हरच्या कन्सोल सेशनला रिमोट डेस्कटॉपवरून जोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या ऑफिसांचे विंडोज सर्व्हर सांभाळताना "कन्सोलला कसं जायचं?" हा प्रश्न मला महिन्यातून तीनचारदा तरी येतो. दोनचार उलटे प्रश्न विचारले की कळतं, विचारणाऱ्याला कन्सोल नकोच असतं. कोणाचं लॉगिन अडकलेलं असतं, कोणाला कालची उघडी विंडो परत हवी असते, कोणाला समोर बसलेल्या माणसाची स्क्रीन बघायची असते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. कमांड देवनागरीत दिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

कन्सोल सेशन म्हणजे नेमकं काय?

सर्व्हरच्या डब्याला जो मॉनिटर आणि कीबोर्ड प्रत्यक्ष जोडलेला असतो, त्यावर चालणारं सेशन (लॉगिन केल्यावर मिळणारा स्वतंत्र डेस्कटॉप) ते कन्सोल. तुम्ही घरून रिमोट घेता, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरचा डेस्कटॉप नेटवर्कवरून आपल्या स्क्रीनवर आणता, तेव्हा सर्व्हर तुमच्यासाठी सहसा वेगळं सेशन तयार करतो. त्याचा डेस्कटॉप वेगळा, उघडलेल्या विंडो वेगळ्या. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत तसं: जोतं एक, चुली दोन.

सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला असेल तर मॉनिटर नसतोच. तिथे हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअरच्या मॅनेजरमधून उघडणारी खिडकी म्हणजे कन्सोल.

जुन्या लेखात रिमोट डेस्कटॉप उघडायची कमांड "एमएसटीएससी /कन्सोल" अशी दिलीये. मी चालवलं, एरर आली नाही, पण कन्सोलही मिळालं नाही. असं का?

कारण तो स्विच (कमांडच्या मागे तिरकी रेघ देऊन लिहिलेला पर्याय) आता कोणी वाचतच नाही. यामागे थोडा इतिहास आहे आणि तो माहीत असला की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

विंडोज २००० सर्व्हरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस (रिमोट डेस्कटॉपचं तेव्हाचं रूप) होत्या, पण त्यातून कन्सोलला जाता येत नसे. त्यासाठी व्हीएनसीसारखं दुसरं स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. सर्व्हर २००३ मध्ये सोय आली. तिथे कन्सोल म्हणजे कायम सेशन क्रमांक ०. "/कन्सोल" लावून जोडलं की तुम्ही थेट त्या ० मध्ये, म्हणजे सर्व्हर रूममधल्या मॉनिटरवर जे असेल तिथे उतरायचात. शिवाय याच ० मध्ये विंडोजच्या सर्व्हिसेसही (मागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम) चालायच्या. एखाद्या सर्व्हिसने खिडकी उघडून काही विचारलं, तर ते फक्त इथेच दिसायचं. त्यामुळे ॲडमिन मंडळींना "/कन्सोल" ची सवय लागली आणि ती बोटांत बसली.

ही व्यवस्था सुरक्षिततेच्या दृष्टीने वाईट होती. पूर्ण अधिकार असलेल्या सर्व्हिसेस आणि साधे वापरकर्त्याचे प्रोग्रॅम एकाच सेशनमध्ये असल्यामुळे, प्रोग्रॅमने सर्व्हिसच्या खिडकीला फसवे संदेश पाठवून तिचे अधिकार लाटायची वाट मोकळी होती. व्हिस्टापासून आणि पुढे सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टने सेशन ० फक्त सर्व्हिसेससाठी राखून ठेवलं. माणसांची सेशन १ पासून सुरू होऊ लागली. "सेशन ० ला जोड" म्हणण्यात अर्थच उरला नाही, म्हणून रिमोट डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीत "/कन्सोल" जाऊन "/ॲडमिन" आलं. जुना स्विच दिला तर नवा क्लायंट (तुमच्या मशीनवरचा रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅम) गुपचूप दुर्लक्ष करतो. निदान एक ओळीचा इशारा द्यायला काय हरकत होती, हे मला आजवर समजलेलं नाही. लोक वर्षानुवर्षं "/कन्सोल" टाइप करतात आणि आपण कन्सोलवर आहोत अशा समजुतीत काम करतात.

सेव्ह केलेली आरडीपी फाइल (जोडणीची सेटिंग साठवणारी) वापरत असाल तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. "कनेक्ट टू कन्सोल" ची ओळ जुनी. तिच्या जागी "ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेशन:आय:१" हवं.

मग "/ॲडमिन" लावल्यावर कन्सोल मिळतं का?

त्या अर्थाने नाही. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टचा रोल (अनेकांना एकाच वेळी रिमोटने काम करू देणारा भाग) टाकलेला नसेल, म्हणजे साधा फाइल सर्व्हर किंवा डोमेन कंट्रोलर (ऑफिसची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल, तर "/ॲडमिन" लावा किंवा लावू नका, जवळपास काही फरक पडत नाही.

रोल टाकलेला असेल तर मात्र हा स्विच कामाचा आहे. एरवी जोडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला किंवा मशीनला क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं. रोल टाकल्यावर १२० दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात लायसन्स सर्व्हर उभा केला नाही तर एका सकाळी अख्ख्या ऑफिसला "लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही" असा मेसेज येतो आणि कोणीच आत जाऊ शकत नाही. १२० दिवस म्हणजे चार महिने. सर्व्हर बसवणारा माणूस तोवर पैसे घेऊन विसरलेला असतो आणि हे बहुतेक वेळा ऐन जीएसटी भरायच्या तारखेला घडतं. अशा वेळी "एमएसटीएससी /व्ही:सर्व्हरचंनाव /ॲडमिन" ने ॲडमिनिस्ट्रेटरला लायसन्सशिवाय आत जाता येतं. अनेक सर्व्हरांचा समूह असेल तर जोडण्या वाटून देणारा कनेक्शन ब्रोकर तुम्हाला दुसऱ्याच मशीनवर ढकलतो, तेही या स्विचने टळतं.

बदल्यात काही सोयी जातात. इझी प्रिंट (तुमच्याकडच्या प्रिंटरवर छापण्याची सोय) चालत नाही, टाइम झोन तुमच्याकडचा येत नाही. आणि ॲडमिनचे अधिकार नसतील तर हा स्विच तुम्हाला आत घेणारच नाही.

"कमाल जोडण्यांची मर्यादा ओलांडली" असं येतंय. आता?

रोल नसलेल्या सर्व्हरवर प्रशासनासाठी दोनच जोडण्या फुकट असतात. २००३ मध्ये हिशोब दोन रिमोट अधिक एक कन्सोल असा होता. २००८ पासून कन्सोल धरून दोन.

२००३ चा त्रास असा की डिस्कनेक्ट होऊन पडलेली सेशनही मोजली जायची. दोन जण रिमोटची खिडकी फुली मारून बंद करून जेवायला गेले की तिसऱ्याला दार बंद. तेव्हा "/कन्सोल" लावून तिसऱ्या जागेवर घुसायचं आणि अडकलेली सेशन काढायची, हा ठरलेला उपाय होता. या स्विचची कीर्ती खरं तर त्यामुळेच जास्त पसरली. २००८ नंतर फक्त चालू सेशन मोजली जातात. तिसरा आला तर त्याला दोघांची नावं दिसतात आणि एकाला डिस्कनेक्ट करण्याचा पर्याय मिळतो. ज्याला डिस्कनेक्ट करता, त्याचं काम जात नाही, विंडो उघड्याच राहतात.

कोण आत आहे हे बघायला कमांड प्रॉम्प्टवर "क्वेरी यूजर" चालवा. एक तक्ता येतो: नाव, सेशन, आयडी, स्थिती, किती वेळ हात लावलेला नाही, आणि लॉगिन कधी झालं. रिकाम्या वेळेच्या रकान्यात "५+०२:१३" असं दिसलं तर ते पाच दिवस, दोन तास, तेरा मिनिटं. स्थितीत "डिस्क" लिहिलेलं असेल तर तो माणूस निघून गेलाय आणि सेशन मागे ठेवून गेलाय. आयडी २ असेल तर "लॉगऑफ २". बस.

पण त्याआधी फोन करा. एका हिशोबनीसबाईंचं पाच दिवस जुनं सेशन मी एकदा असंच उडवलं आणि त्यात सेव्ह न केलेली एक्सेल होती. मार्चअखेर होती. त्यानंतर मी विचारल्याशिवाय कोणाचं सेशन काढत नाही.

सर्व्हरमध्ये शिरताच येत नसेल तर नेटवर्कमधल्या दुसऱ्या मशीनवरून "क्वेरी सेशन /सर्व्हर:नाव" आणि "लॉगऑफ २ /सर्व्हर:नाव" असं करता येतं, तुमच्याकडे तिथले ॲडमिन अधिकार असले आणि फायरवॉल आडवा आला नाही तर.

"क्वेरी सेशन" मध्ये "सर्व्हिसेस, ०, डिस्क" अशी ओळ दिसते. ते अडकलेलं सेशन आहे का?

नाही. ते वर सांगितलेलं सर्व्हिसेसचं घर. ते कायम डिस्कनेक्टच दिसतं. त्याला हात लावू नका. खाली ६५५३६ आयडीची "लिसन" अशी ओळ असते, तीही कोणी माणूस नाही, नव्या जोडण्यांची वाट बघणारा दरवान आहे.

रिमोटच्या खिडकीवरची फुली दाबली की लॉगऑफ होत नाही का?

होत नाही. फक्त डिस्कनेक्ट होतं. प्रोग्रॅम चालू राहतात, रॅम खात राहतात. काम संपलं असेल तर स्टार्टमधून साइन आउट. लोक ऐकत नाहीत, म्हणून ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा घालता येते. मी साधारण आठ तास ठेवतो. रात्री लांबलचक बॅकअप किंवा डेटा रिपेअर कोणी सेशनमध्ये चालू ठेवत असेल तर त्याला अपवाद करा, नाहीतर सकाळी तुमच्या नावाने शंख होईल.

सर्व्हर रूममध्ये उघडून ठेवलेला प्रोग्रॅम घरून रिमोट घेतल्यावर दिसत नाही. कन्सोलला कसं जाऊ?

आधी बघा, दोन्हीकडे युजर एकच आहे का. तिथे "ॲडमिनिस्ट्रेटर" ने आणि घरून स्वतःच्या नावाने लॉगिन केलं असेल तर दोन वेगळी सेशन होणारच.

युजर एकच असेल तर आजच्या सर्व्हरवर काहीच करावं लागत नाही. एका युजरला एकच सेशन, असं सेटिंग मुळातच असतं, त्यामुळे रिमोट घेतला की कन्सोलवरचं तुमचं सेशन जसंच्या तसं तुमच्या खिडकीत येतं. तसं येत नसेल तर कोणीतरी ते सेटिंग बदललंय. ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या खाली, कनेक्शन्समध्ये, युजरला एकाच सेशनपुरतं मर्यादित ठेवणारी पॉलिसी शोधा आणि एनेबल करा.

तिसरी शक्यता म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालतोय. मग त्याची खिडकी सेशन ० मध्ये उघडते, जी ना मॉनिटरवर दिसते ना रिमोटमध्ये. जुनं बॅकअप सॉफ्टवेअर "टेप बदला, ओके दाबा" असं विचारून तिथे अनंतकाळ बसून राहतं. काही वर्षं विंडोजमध्ये अशा खिडक्यांकडे तात्पुरतं जाऊ देणारी एक सोय होती. सर्व्हर २०१९ पासून तीही काढून टाकली. आता तो प्रोग्रॅम सर्व्हिसऐवजी टास्क शेड्यूलरमधून, युजर लॉगिन असतानाच चालेल असा लावायचा, किंवा तो बनवणाऱ्याच्या मागे लागायचं.

मी रिमोट घेतला तर समोर बसलेल्याला काय दिसतं?

तुम्ही त्याचंच सेशन उचललं असेल तर त्याची स्क्रीन लॉक होते आणि तुम्ही काय करताय ते त्याला दिसत नाही. त्याने पासवर्ड टाकून परत लॉगिन केलं की तुम्ही बाहेर. दोघं एकमेकांना असं बाहेर काढत बसलेले मी पाहिलेत, दोघांनाही वाटत होतं नेट खराब आहे.

मला त्याची स्क्रीन त्याच्यासोबत बघायची आहे.

त्याला शॅडो म्हणतात. "क्वेरी सेशन" ने त्याच्या सेशनचा आयडी काढा. समजा १ आहे, तर "एमएसटीएससी /व्ही:सर्व्हरचंनाव /शॅडो:१ /कंट्रोल". त्याच्या स्क्रीनवर परवानगीचा प्रश्न येतो, त्याने हो म्हटलं की दोघांना एकच डेस्कटॉप दिसतो. नुसतं बघायचं असेल तर "/कंट्रोल" काढा. कन्सोलवरचं सेशनही असं बघता येतं. "मला कन्सोल दाखव" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर हेच हवं असतं.

ही सोय सर्व्हर २०१२ मध्ये नव्हती, २०१२ आर२ मध्ये परत आली. चालत नसेल तर फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा शॅडो नावाचा वेगळा नियम आहे, तो चालू करा. नुसता ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडा असून भागत नाही. परवानगी न विचारता बघण्याचाही स्विच आहे आणि त्याला ग्रुप पॉलिसीत आधी मुभा द्यावी लागते. कर्मचाऱ्यांना न सांगता तो वापरू नका.

रिमोट बंद केला की माझा आपोआप क्लिक करणारा स्क्रिप्ट थांबतो. कन्सोलवर ठेवलं तर चालेल ना?

इथे मात्र प्रश्न खरोखर कन्सोलचा आहे. रिमोट डिस्कनेक्ट झाला की त्या सेशनला स्क्रीनच उरत नाही. डोळे मिटलेल्या माणसाला सुईत दोरा ओवायला सांगावं तसं होतं. माउस हलवणारा, बटण शोधून दाबणारा प्रोग्रॅम तिथेच अडतो. रिमोट सेशन ओळखून चालायला नकार देणारी काही डिझाइनची सॉफ्टवेअरही असतात, त्यांचंही दुखणं हेच.

उपाय: फुली न मारता, रिमोटच्या आतच कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" ने उघडा आणि लिहा:

टीएसकॉन %सेशननेम% /डेस्ट:कन्सोल

एंटर मारताच तुमचा रिमोट तुटतो. घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. तुमचं सेशन उचलून सर्व्हरच्या प्रत्यक्ष स्क्रीनवर ठेवलं जातं, अनलॉक अवस्थेत, आणि स्क्रिप्ट चालू राहतो. पॉवरशेलमध्ये टक्क्याची चिन्हं चालत नाहीत, म्हणून कमांड प्रॉम्प्टच घ्या. "ॲक्सेस डिनाइड" आलं तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. रिझोल्यूशन बदलतं. मॉनिटर न जोडलेल्या सर्व्हरवर ते बारीक होऊ शकतं आणि स्क्रिप्ट ठरलेल्या जागेवर क्लिक करणारा असेल तर भलतंच बटण दाबतो. मॉनिटर असल्याचं भासवणारा डमी प्लग बाजारात मिळतो, तो लावून हे सुटतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: सर्व्हर रूममध्ये तुमचा ॲडमिनचा डेस्कटॉप उघडा पडलेला असतो. छोट्या ऑफिसात "सर्व्हर रूम" म्हणजे बऱ्याचदा पाण्याच्या फिल्टरशेजारचं टेबल असतं. अशा ठिकाणी हे करू नका. करायचंच असेल तर कमी अधिकाराचा वेगळा युजर बनवून त्याच्यात स्क्रिप्ट चालवा आणि टीएसकॉन टास्क शेड्यूलरमधून चालवा.

विंडोज १० किंवा ११ च्या पीसीला रिमोट घेतो. तिथे कन्सोलचं काय?

तिथे एका वेळी एकच माणूस. रिमोट घेतला की तुम्ही तेच सेशन घेता, समोरची स्क्रीन लॉक होते. स्विच लागत नाही. होम आवृत्ती असेल तर तिला बाहेरून रिमोट घेताच येत नाही, प्रो लागते.

मॅक किंवा लिनक्सवरून?

मॅकवरच्या मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये, ज्याचं नाव आता विंडोज ॲप झालंय, पीसी जोडतानाच ॲडमिन सेशनची टिक असते. लिनक्सवरच्या फ्रीआरडीपीमध्ये "/ॲडमिन" चालतं. रेमिनात प्रगत सेटिंगमध्ये "अटॅच टू कन्सोल" अशी टिक दिसेल. नाव जुनं राहिलंय, अर्थ ॲडमिनचाच घ्यायचा.

रिमोटच लागत नाहीये. आता कन्सोल कसं मिळवू?

आता तुम्हाला खरं कन्सोल हवंय आणि ते रिमोट डेस्कटॉप देऊ शकत नाही. नेटवर्क कार्ड बंद पडलं, फायरवॉलचा नियम चुकला, पासवर्डची मुदत संपून जोडणीआधीच लॉगिन तपासणाऱ्या नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनने दारातच अडवलं, किंवा सर्व्हर निळी स्क्रीन दाखवतोय, तर विंडोजच्या खालून जाणारी वाट लागते. एचपीच्या सर्व्हरला आयलो असतं, डेलला आयड्रॅक. हे मदरबोर्डवरचं स्वतंत्र छोटं यंत्र आहे, त्याला वेगळा नेटवर्क पोर्ट आणि वेगळा आयपी असतो. सर्व्हर बंद असला तरी त्यावरून चालू करता येतो, बायोस दिसतं. स्क्रीन पूर्णपणे बघायला दोघांच्याही काही आवृत्त्यांत वरचं लायसन्स लागतं, ते खरेदीच्या वेळीच विचारून घ्या. व्हर्च्युअल सर्व्हरला होस्टचा मॅनेजर आहेच.

मी एकदा पुण्यात बसून नाशिकच्या एका कारखान्यातल्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड डिसेबल केलं. एनेबल परत करायचं होतं, पण त्यासाठी नेटवर्क लागतं हे क्लिक झाल्यावर आठवलं. आयलोची केबल जोडलेलीच नव्हती. शेवटी वॉचमनकाकांना फोनवर एकेक बटण सांगत सगळं सुरू केलं. "त्या चौकोनावर उजवं टिचकी मारा काका", वीस मिनिटं. आता दूरच्या सर्व्हरवर नेटवर्कला हात लावण्याआधी मी दहा मिनिटांनी कार्ड परत एनेबल करणारा शेड्यूल्ड टास्क लावून ठेवतो आणि सगळं नीट झालं की तो रद्द करतो.

राउटरवर ३३८९ उघडून ठेवला तर कुठूनही रिमोट घेता येईल. ठीक ना?

नाही. उघडा ३३८९ इंटरनेटवर सतत चाचपला जातो, पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न दिवसरात्र चालू असतात. पोर्टचा नंबर बदलून फार तर लॉगमधला गोंगाट कमी होतो. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीत तर पासवर्डचीही गरज नव्हती. ती इतकी वाईट होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच बंद केलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठीसुद्धा पॅच काढला. व्हीपीएन लावा किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे, आणि त्यावर दुसरा घटक म्हणून ओटीपी.

आमच्याकडे अजून सर्व्हर २००३ चालू आहे. "/कन्सोल" त्यावर चालेल?

सर्व्हर जुना असला तरी तुमच्या लॅपटॉपवरचा क्लायंट नवा आहे, म्हणून "/ॲडमिन" लिहा. २००३ ला जोडताना त्याचा अर्थ सेशन ० असाच होतो आणि तुम्हाला अस्सल कन्सोल मिळतं. या सर्व्हरचा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपलाय. जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालत नाही म्हणून तो ठेवलाय, हे कारण मी ऐकलंय आणि समजूही शकतो. पण मग त्याची इंटरनेटची वायर काढा.

रिमोटच्या आत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की माझ्याच लॅपटॉपचा मेनू येतो.

आत पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा. छोट्या लॅपटॉपवर एंडचं बटण नसेल तर एफएन धरून उजवा बाण बघा, बहुतेकांवर तिथे असतं. तेही नसलं तर रिमोटच्या आत ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, तुमच्या खऱ्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवा आणि स्क्रीनवरच्या डेलवर माउसने क्लिक करा.